टर्बो मोड आणि शेजारचे कान

दारावर टकटक झाली तेव्हा तिच्या ऑफिसच्या खोलीत धो धो पाऊस पडत होता. बाहेर लख्ख ऊन होतं. पाऊस येत होता टेबलावरच्या लॅपटॉपमधून. टर्बो मोड लावला की त्याचे दोन्ही पंखे असे काही सुटायचे, की आपण पत्र्याच्या छपराखाली बसलोय असंच वाटावं.

तिने दार उघडलं. समोर पांढरा कोट, त्यात एक उंच, संकोचलेला माणूस.

"माफ करा... हा आवाज तुमच्याकडून येतोय का?"

"कुठला?" तिने इतक्या निरागसपणे विचारलं, की मागे लॅपटॉपने आणखी एक पट्टी वर चढवली.

"हा," तो म्हणाला. "मी शेजारचा. कान तपासतो."

"माझे चांगले आहेत."

"तुमचे नाही हो. म्हणजे... असतील. छानच असतील." त्याने घाईघाईने नजर तिच्या कानांवरून काढून दाराच्या कडीवर ठेवली. "पेशंटचे तपासतो. भिंतीपलीकडे बंद केबिन आहे. पेशंटने आत बसायचं, हेडफोन लावायचे, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. कालपासून सगळे बटणच दाबत सुटलेत. मी आवाज दिलेला नसतानासुद्धा. एका आजोबांना मी सांगून बसलो, तुमचे कान अगदी तरण्या पोरासारखे आहेत! ते छाती फुगवून घरी गेले. मग आजींचा फोन. ह्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही, आणि तुम्ही काय डोंबल तपासलंत?"

तिने ओठ घट्ट मिटून हसू दाबायचा प्रयत्न केला. तो सपशेल फसला.

"तुम्ही हसताय. मी त्या आजोबांना परत बोलावलंय."

"सॉरी, सॉरी." तिने पळत जाऊन लॅपटॉपवरचा गेम बंद केला. पाऊस थांबला. "पण बंद केबिनमध्ये आवाज जातो कसा?"

"दाराचं रबर फाटलंय. नवीन मागवलंय," तो म्हणाला आणि तिच्या खांद्यावरून आत डोकावला. "तुम्ही... गेम खेळता? ऑफिसात?"

हा प्रश्न तिला नेहमीचाच होता. ती खेळत नसे. ती लॅपटॉप तपासायची. तिच्या सख्ख्या मावशीची एक वेबसाइट होती, घ्यावं की न घ्यावं या विवंचनेतल्या लोकांसाठी. कंपन्या यंत्र पाठवायच्या, ती ते आठवडाभर पिळून काढायची, निकाल लिहायची आणि यंत्र कुरियरने परत जायचं. पाचपैकी किती तारे, एवढंच लोक वाचायचे. आणि ती प्रत्येकाला साडेतीन द्यायची. अगदी प्रत्येकाला. वाचकांनी तिचं नाव साडेतीनताई ठेवलं होतं. मावशीचं म्हणणं, मी आणलेल्या स्थळांनाही हिने साडेतीनच दिले; उंची बरी, बोलणं ठीक, पण जास्त वेळ चालवलं की तापतो.

तिची बाजू अशी होती, की पोरंपोरी पगारातून पै-पै साठवून ही यंत्रं घेतात. त्यांना आपल्या शब्दावर भुलवायचं नाही. स्तुती करताना हात आखडलेला बरा.

"आणि आवाज कशाने मोजता?" त्याने विचारलं.

"फोनवर अ‍ॅप आहे."

त्याचा चेहरा असा झाला, जणू तिने थर्मामीटर म्हणून मेणबत्ती दाखवली. "थांबा," म्हणून तो गेला आणि आवाज मोजायचं, मुठीत मावेल असं काळं यंत्र घेऊन आला. टोकाला स्पंजचं बोंड. "खेळणाऱ्याचा कान कुठे येतो?"

"इथे," ती खुर्चीत बसली.

त्याने ते बोंड तिच्या कानाजवळ धरलं. हात स्थिर, श्वास रोखलेला. तिने टर्बो लावला. पुन्हा पाऊस. तो आकड्याकडे बघत होता, ती स्क्रीनकडे... आणि स्क्रीनच्या काळ्या भागात दिसणाऱ्या त्याच्या प्रतिबिंबाकडे.

"बावन्न डेसिबल," तो हळूच म्हणाला. "तुमचं अ‍ॅप काय म्हणतं?"

"अडतीस."

"तुमचं अ‍ॅप तुमच्यावर प्रेम करतं," तो म्हणाला. म्हणाला आणि स्वतःच लाल झाला.

ठरलं असं, की गोंगाटाच्या सगळ्या चाचण्या दुपारी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत करायच्या. आणि मोजायला तो स्वतः येणार. कामाची बाब होती, दोघांनीही ती अगदी गंभीरपणे घेतली.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊनच आला. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की तापमान बघायचं तर खेळायला दुसरं कुणीतरी हवं. मग तो खेळायला बसला. शर्यतीचा गेम होता. इतका सभ्य ड्रायव्हर त्या गेमने जन्मात पाहिला नसेल. मागून गाड्या भोंगे वाजवत निघून जात, आणि हा त्यांना हाताने वाट देई.

"अहो, दाबा ना! धडकलात तरी चालतं."

"कुणाला लागेल."

"ते चित्र आहे!"

"तरीपण."

तिने कपाळाला हात लावला. पण बघता बघता यंत्र तिच्या मनात भरू लागलं, हे खरं. झाडं, धूळ, ओला रस्ता... सगळं लोण्यासारखं सरकत होतं, कुठे अडखळणं नाही. तासभर दामटूनही वेग उतरला नव्हता. एवढ्या किमतीत हे सहसा बघायला मिळत नाही. या पट्टीतली बहुतेक यंत्रं पहिल्या पंधरा मिनिटांत शूर असतात, मग धापा टाकतात.

"कळा छान आहेत," तो म्हणाला. "दाबलं की बोटाला उत्तर मिळतं."

ती चमकली. कीबोर्डबद्दल ती स्वतः दिवसभर जे वाक्य शोधत होती, ते हा तोंडात घास असताना बोलून गेला होता. "हे मी लिहू?"

"माझं नाव टाकणार?"

"छे."

"मग लिहा."

तिने तळहात कळांच्या शेजारी टेकला. "इथे गार राहतं. गरम हवा सगळी मागून जाते. हात लावून बघा."

त्याने हात ठेवला. तिचा हात तिथेच होता, काढायला हवा होता... काढला, पण जरा सावकाश. त्या जागेचं तापमान तिने नंतर पुन्हा मोजलं. फरक नव्हता. तिला मात्र वाटला होता.

दोषही होते. स्पीकर पत्र्याच्या डब्यातून बोलत. बॅटरी दुपारपर्यंत मान टाकी. चार्जर म्हणजे वीटच, बॅगेत घातला तर खांदा एका बाजूला झुकावा. झाकण बोटाने दाबलं तर लवायचं. आणि कॅमेरा! तिने तो चालू केला तर दोघांचे चेहरे करडे, दाणेदार, कुठल्यातरी चोरीच्या फुटेजमधल्यासारखे दिसले.

"फारच वाईट," तो म्हणाला. "कॅमेरा... की मी?"

"कॅमेरा," ती म्हणाली. जरा जास्तच पटकन.

मंगळवारी तिने निकाल लिहून मावशीला पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"तुला बरं नाहीये का गं?"

"का?"

"साडेचार दिलेस. साडेचार! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आणि हे काय, 'टर्बो मोडमध्ये पावसात बसल्यासारखं वाटतं, हवंहवंसं'? अगं, पंखा आहे तो! कुणाला हवाहवासा वाटतो पंख्याचा आवाज?" मावशी थांबली. तिचा आवाज एकदम गोड झाला. "कोण आहे गं?"

"कुणी नाही."

"कुणी नाही, तर साडेचार कशाचे? हे बघ बाळ, मला आनंदच आहे. पण एक सांग, यंत्र चांगलंय, की ते चालवताना शेजारी कोण बसतं ते चांगलंय? शुक्रवारी कुरियरवाला येणार. त्याच्या आधी मला खरा निकाल हवाय."

तिने फोन ठेवला. मावशीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. कुणीतरी पोरगी वर्षभर साठवून हे यंत्र घेणार, आणि एकटीच खोलीत बसून चालवणार. तिच्या खोलीत पांढरा कोट थोडाच येणार आहे? आणि दुसरं, त्याहून वाईट: शुक्रवारी यंत्र गेलं की मोजायला काही उरणार नव्हतं. मग तो कशाला येईल? आणि तिने तरी कुठल्या तोंडाने बोलवावं?

दुपारी तो डबा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली, "उद्या येऊ नका. परवाही."

"काही चुकलं का माझं?"

"नाही. शुक्रवारी यंत्र परत जातंय, त्याआधी चाचणी पुन्हा करायची आहे. एकटीने."

"लॅपटॉपची?"

तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग म्हणाली, "...माझीही."

"बरं," तो म्हणाला. डबा हातात धरूनच परत गेला. आपल्या दारापाशी एकदा वळला आणि आत गेला.

दोन दिवस तिने यंत्राला वैऱ्यासारखं वागवलं. खिडक्या बंद करून उकाड्यात चालवलं. मांडीवर घेतलं, रात्री घरी नेऊन पलंगावर लोळवलं, सगळ्यात अवजड गेम लावून सोडून दिलं. ते बिचारं चालत राहिलं. वेग तोच, कळांचं उत्तर तेच, तळहाताखाली तोच गारवा. मागचं झाकण उघडून पाहिलं तर आत मेमरी वाढवायला जागाही रिकामी ठेवलेली; उद्याचा विचार केलेला होता कुणीतरी. स्पीकर, बॅटरी, कॅमेरा यांनीही आपला बाणा सोडला नाही. कुठल्याही बाजूने तोललं तरी हिशोब चारावर येत होता. चार! शेजारी कुणी नसताना, निव्वळ स्वतःच्या गुणांवर चार.

म्हणजे त्या उरलेल्या अर्ध्या ताऱ्याचा यंत्राशी संबंध नव्हता. तो भिंतीपलीकडे राहत होता.

आणि पंख्याचा आवाज आता नुसता पंख्याचा आवाज होता.

गुरुवारी दुपार कलताना तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं आणि ती ताडकन उठली. सकाळपासून टर्बो चालू होता. त्याच्या ऐन पेशंटच्या वेळात! किती आजोबा तरुण होऊन घरी गेले असतील देव जाणे. आणि तरी दारावर टकटक झाली नव्हती. रागावला असेल. की आता तक्रार करण्याइतकाही संबंध ठेवायचा नव्हता त्याला?

लॅपटॉप तसाच गरजता ठेवून ती शेजारी गेली. दारातच एक आजोबा बाहेर पडत होते, कानामागे नवंकोरं यंत्र.

"हळू बोला," ते तिला ओरडून म्हणाले, "मला आता सगळं ऐकू येतं!" तिने तोंडही उघडलं नव्हतं.

तो आत खुर्चीवर बसला होता. तिला बघून उठला.

"सॉरी," ती म्हणाली. "सकाळपासून टर्बोवर आहे. माझं लक्षच नव्हतं. पेशंट उगाच बटण दाबत असतील ना?"

"नाही... म्हणजे..." त्याचे कान लालबुंद झाले. दुसऱ्यांचे कान बघणाऱ्याला स्वतःचे लपवता येत नाहीत.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग केबिनकडे. मग सरळ आत जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. दार फ्रिजसारखं चप्प बसलं. कडेला काळंभोर नवं रबर चमकत होतं. शांतता. भिंतीपलीकडे पाऊस कोसळत होता, आणि इथे त्याचा टिपूससुद्धा नव्हता.

तिने हेडफोन चढवले. केबिनच्या काचेपलीकडे तो माइकसमोर बसला; आत तिच्यासमोरही एक छोटा माइक होता.

"रबर कधी बसवलंत?" तिने विचारलं.

कानात त्याचा आवाज आला, अगदी जवळून. "तुम्ही पहिल्यांदा दार उघडलंत ना... त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग रोज दुपारी माझ्याकडे कशाला येत होतात?"

"डबा खायला कुठेतरी बसावं लागतंच की."

तिने हसू दाबलं. या खेपेला बऱ्यापैकी जमलं.

"आलाच आहात तर तपासू," तो म्हणाला. "ऐकू आलं की बटण."

बारीक शिट्ट्या सुरू झाल्या. ती बटण दाबत गेली, त्याच्या टेबलावर दिवा लागत गेला. शिट्ट्या बारीक होत होत धाग्याएवढ्या झाल्या. मग शिट्ट्या थांबल्या आणि त्याचा आवाज आला, तोही बारीक केलेला. तो मान खाली घालून यंत्राची कळ फिरवत होता.

"शुक्रवारनंतर... मी काय मोजायला येऊ?"

तिने बटण दाबलं. दिवा लागला. तो दचकला. इतक्या खाली तिला ऐकू येईल असं त्याला वाटलं नव्हतं बहुतेक. त्याने कळ आणखी फिरवली, पार तळाशी. आणि काहीतरी बोलला.

तिला काहीच ऐकू आलं नाही. काचेपलीकडे फक्त ओठ हलले. आणि नजर वर आली, ती तिथेच राहिली.

तिने बटण दाबलं. दाबलं ते सोडलंच नाही. दिवा जळत राहिला.

त्याने धडपडत कळ वर आणली. "ऐकू आलं?"

"नाही."

"मग बटण का दाबलं?"

"आजोबांनी दाबलेलं चाललं ना तुला?" ती म्हणाली. "आता जरा मोठ्याने सांग."

त्याने सांगितलं. मोठ्याने. इतक्या, की तिला हेडफोन काढावे लागले.

शुक्रवारी कुरियरवाला आला, लॅपटॉप गेला. पाठोपाठ मावशीचा फोन.

"चार दिलेस. खरे?"

"खरे. एकटीने तपासलंय. स्पीकर, बॅटरी, कॅमेरा सोडला तर या किमतीत डोळे मिटून घ्यावं असं यंत्र आहे."

"छापते. फक्त दोषांमधली ही शेवटची ओळ... 'टर्बो मोडमध्ये आवाज फार. शेजारी तक्रार घेऊन येऊ शकतात.' ही दोषांतच ठेवू ना?"

भिंतीपलीकडून टकटक झाली. जेवणाची सुट्टी झाली होती.

"तिथेच राहू दे मावशी," ती उठत म्हणाली. "लोकांना आपलं आपण कळू दे."