एका मांजरीच्या दोन गोळ्या

थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळंतपणाला म्हणून आई तिकडे गेली ती तिकडचीच होऊन बसली. घरात उरल्या दोघी, धाकटी आणि तिची आत्या. तिसरी होती मांजर, पण ती स्वतःला पहिली समजत असे.

धाकटी कवळ्या करायची. धंदा वडिलांचा. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवायचे. ती प्लास्टरचा साचा ओतायची, मेणात एकेक दात बसवायची आणि गुलाबी हिरड्या घासून घासून चकचकीत करायची. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मागे पॉलिशचं यंत्र राहिलं, दातांचे डबे राहिले आणि ही मांजर राहिली. ते गेले तेव्हा तिने नऊ दिवस कशाला तोंड लावलं नाही. दहाव्या दिवशी धाकटीने तिच्या पाठीवर हात फिरवत, रडत रडत, उकडलेला मासा बोटाने भरवला आणि मांजर जगली. दोघीही जगल्या म्हणा.

पण त्या दिवसापासून मांजर शेफारली. पाठीवर हात असल्याशिवाय जेवण नाही. धाकटीचं लक्ष कामात गेलं की ही टेबलावर चढणार आणि तिच्या डोळ्यांत डोळे घालून एक दात खाली ढकलणार. टक्. मग दुसरा. टक्. ओरडलं तर तिसरा.

"बाईसाहेब, पुरे!" धाकटी हात जोडायची.

"घरात एक माणूस मेला म्हणून मांजरीला त्याच्या गादीवर बसवतात होय गं?" आत्या म्हणायची. पण माशाचे काटे काढून द्यायची तीच.

एका सकाळी खालच्या जबड्याची अख्खी कवळी टेबलावरून नाहीशी झाली. एका निवृत्त हेडमास्तरांची होती ती, आणि त्या दिवशी पाच वाजता त्यांचा सत्कार. आत्याने पलंगाखाली झाडू घातला, धाकटीने कचऱ्याची बादली उपडी केली. बाईसाहेबही घरात नव्हत्या. मागच्या खिडकीतून भिंतीच्या कठड्यावर पांढरे केस दिसले. कठडा बोळ ओलांडून समोरच्या घराच्या खिडकीपर्यंत जात होता.

धाकटी तशीच, हाताला प्लास्टर, जिना उतरून बोळ ओलांडून गेली. दार उघडंच. आत चामड्याचा आणि खळीचा वास, भिंतीला लागून पुस्तकांच्या चवडी. एक उंच, किडकिडीत बुकबाइंडर कमरेला एप्रन बांधून उभा होता. त्याच्या हातात ती कवळी.

"तुमची का?" त्याने विचारलं.

"माझी नाही!" धाकटी घाईने म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे... माझीच. पण माझ्या तोंडातली नाही."

"ते दिसतंय," तो म्हणाला, आणि तिच्या दातांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "आमच्या मुकादमाने आणून दिली."

"कोण मुकादम?"

त्याने बोट दाखवलं. पुस्तकं दाबायच्या यंत्रावर, घडी केलेल्या उबदार कापडावर बाईसाहेब झोपल्या होत्या. शेजारी ताटली. ताटलीत मासा.

"ही माझी मांजर आहे," धाकटी म्हणाली.

"असं? रोज दुपारी माझ्याकडे येते. मी काम थांबवलं की ओरडते, म्हणून मुकादम. मला वाटलं, बिनमालकाची आहे. एवढी हडकलेली..."

"हडकलेली? सकाळी दोन वेळा खाते!"

"मग नीट बघत नसाल तुम्ही."

हे वाक्य धाकटीला लागलं. वडिलांनी जाताना दुसरं काही सोपवलं नव्हतं. ती मांजर उचलायला गेली. मांजरीने डोळेही उघडले नाहीत. शेवटी नुसती कवळी घेऊन ती परत आली, आणि जिन्यात तिच्या लक्षात आलं की कान तापलेत.

तह दोन दिवसांनी झाला, खिडकीतूनच. सकाळ आणि रात्र धाकटीची, बारा ते चार बाइंडरची.

"पण ध्यानात ठेवा," धाकटीने बजावलं, "ती माझी आहे. तुमची फक्त दुपार."

"फक्त दुपार," बाइंडर म्हणाला. "कबूल."

मांजरीला कठडा तोंडपाठ होता. तरी आठवड्याभरात धाकटी तिला बाराच्या ठोक्याला काखेत मारून स्वतः पोचवायला जाऊ लागली.

"मांजरीला चार पाय आहेत ना गं?" आत्या म्हणाली. "मग तुझे दोन कशाला झिजवतेस?"

"ऊन आहे आत्या. कठडा तापतो."

"हो, तापलंय खरं काहीतरी."

बाइंडर पाने शिवताना बोलायचा, तिच्याकडे न बघता. दोरा ओढताना थांबायचा आणि मग बघायचा. एकदा त्याने तिला दातांच्या छटा नोंदवायला छोटी वही बांधून दिली.

"किती द्यायचे?" तिने विचारलं.

"हसा एकदा. रोज दुसऱ्यांचे दात चकचकीत करता... आपले कधी दाखवत नाही."

ती हसली नाही. जिन्यात हसली.

आणि मग एका सोमवारी सकाळी बाईसाहेबांनी टेबलावर उडी मारली आणि उडी चुकली. धपकन खाली. उठून टेबलाच्याच पायावर आपटल्या. धाकटीने जवळ घेऊन पाहिलं. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्तदाब. वय झालंय. रोज सकाळी एक छोटी गोळी, न चुकता. चुकली तर डोळे जातील, जीवही जाईल.

हे बाइंडरला सांगायला हवं होतं. धाकटी सांगायला म्हणून निघालीही. पण दाराशी तिला ते वाक्य आठवलं. मग नीट बघत नसाल तुम्ही. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्याचं परवा झालं.

पुढचे आठ दिवस गोळी माशात दडवून जात राहिली आणि डोळा निवळला. पण मांजर मात्र खचत चालली. टेबलावर चढेना. दात ढकलेना. धाकटीने मुद्दाम एक दात तिच्या पंजापुढे ठेवला. तिने नुसता वास घेतला आणि मान टाकली. आयुष्यात पहिल्यांदा धाकटीला वाटलं, ओरड गं बाई, काहीतरी पाड.

"मी बोलू का?" आत्या दबक्या आवाजात म्हणाली. "बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात. पुस्तकाला कीड लागू नये म्हणून. विषच ते. हिने चाटली असेल तर?"

त्या दुपारी धाकटीने मांजर पोचवली नाही. मांजर आपल्या पायांनी गेली, वाटेत दोनदा बसत.

तासाभराने जिन्यात धाडधाड पावलं वाजली. बाइंडर दारात उभा. एप्रनमध्ये मांजर, चिंधीसारखी लोंबणारी.

"उठत नाहीये," तो म्हणाला. "हाक मारली, मासा दिला... पाय थंड पडलेत."

"खळ चाटली का हिने?" धाकटी ओरडली. "खरं सांगा! मोरचूद घालता ना तुम्ही?"

"खळीला झाकण असतं माझ्या! तुमच्याकडे तो उग्र वासाचा रस उघडा असतो, हिरड्यांचा. चार महिने बघतोय मी!"

"तुम्ही मला शिकवू नका!"

"भांडण वाटेत करा!" आत्या कडाडली. "आधी हिला न्या!"

वाटेत दोघेही भांडले नाहीत. नुसते धावले. मांजर त्याच्या हातात, आणि धाकटीचा हात मांजरीच्या पाठीवर.

डॉक्टरांनी मांजर टेबलावर घेतली, हिरड्या दाबून पाहिल्या, छातीला नळी लावली. रक्तदाब पार तळाला गेला होता. त्यांनी मान न वळवता धाकटीला विचारलं, "सकाळची गोळी दिली होतीस?"

"दिली. रोज देते. एकच."

"कसली गोळी?" बाइंडरने विचारलं.

"रक्तदाबाची," डॉक्टर म्हणाले. बाइंडरचा चेहरा त्याच्याच कागदांसारखा पांढरा पडला. त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. तेच नाव. तोच रंग. आठ गोळ्या संपलेल्या.

"मी... पुलापलीकडच्या डॉक्टरांकडे नेलं होतं तिला," तो म्हणाला. "डोळ्यात रक्त दिसलं म्हणून. रोज दुपारी एक देतोय."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही म्हणाला होतात, ती माझी आहे, तुमची फक्त दुपार. न विचारता दुसऱ्याची मांजर दवाखान्यात नेली हे कोणत्या तोंडाने सांगणार? मला वाटलं, तुम्ही तिला पाठवणंच बंद कराल." तो थांबला. "तिला, आणि... तुम्ही स्वतः यायचं."

धाकटीनेही तेच केलं होतं. मानापोटी.

"शहाणीसुरती माणसं!" डॉक्टर सलाईनची सुई लावता लावता म्हणाले. "एवढं प्रेम शत्रूच्याही मांजरीवर करू नये कोणी. जा, बाहेर बसा. संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही."

बाहेर एक लाकडी बाक होता. दोन टोकांना दोघे बसले. तीन वाजले. एक बाई पोपट घेऊन आली आणि गेली. साडेतीन वाजले.

"ती गेली तर मी मेले..." धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली. "वडील गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, छातीत दुखतं हे केव्हापासून? मला माहीत नव्हतं. रोज त्यांच्या शेजारी बसून दात बसवायचे मी, आणि मला माहीत नव्हतं. म्हणून तुम्ही ते 'नीट बघत नाही' म्हणालात ना..."

बाइंडर सरकत सरकत बाकाच्या मध्यावर आला.

"हडकलेली नव्हती ती," तो म्हणाला. "चांगली गुबगुबीत होती. मला फक्त... तुम्ही अजून थोडं थांबावं, भांडावं, असं वाटलं होतं."

"तुम्ही म्हणजे ना..." ती म्हणाली आणि रडायला लागली. तो हात पुढे करून थांबला. तो हात तसाच अधांतरी राहिलेला तिने पाहिला आणि स्वतःच धरला. खळीने राठ झालेली बोटं होती. सुटली नाहीत.

सहा वाजता डॉक्टर बाहेर आले. "डोकं उचललंय. मला ओरबाडलंय. म्हणजे वाचेल." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण यापुढे गोळी एकाच हाताने, एकाच घरात. हिने दिली का, त्याने दिली का, हा घोळ पुन्हा झाला तर माझ्याकडे आणू नका. कोणाचं घर ते ठरवा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तिच्याकडे," बाइंडर आधी म्हणाला. "वडिलांची आहे ती. मी खिडकी लावून घेईन."

आणि त्याने खरंच लावली. तिसऱ्या दिवशी मांजर घरी आली, चौथ्या दिवशी टेबलावर चढली, पाचव्या दिवशी दोन दात पाडले. घर पूर्ववत झालं म्हणावं तर बाराच्या ठोक्याला ती कठड्यावर जाऊन बंद काचेपुढे बसायची आणि असा टाहो फोडायची की बोळातली माणसं वर बघायची. काच उघडत नसे. पडद्यामागे एक सावली मात्र उभी असे, तीही हलत नसे. शब्दाचा पक्का माणूस. धाकटीला त्या पक्केपणाचा राग येऊ लागला. हातातला सुळा तिने दाढेच्या जागी बसवला, काढला, आणि पुन्हा तिथेच बसवला.

"त्या म्हाताऱ्याला काय कुत्र्याचं तोंड लावून देणार आहेस?" आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "सहा दिवस झाले. मांजर तरी मोकळ्या गळ्याने रडते. तू कशाची वाट बघतेस?"

"त्याने यायला नको का?"

"तो शब्द देऊन बसलाय, येईल कसा? तुझ्या बापाची खोली दोन वर्षं झाडून पुसून रिकामी ठेवतेस. मेलेल्याला खोली लागत नाही गं, पोरी."

धाकटीने हात धुतले. गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि भर दुपारी बोळ ओलांडला.

बाइंडर यंत्राचा दांडा आवळत होता. तिला बघून त्याच्या हातून दांडा सुटला. "काय झालं? पुन्हा..."

"ती ठणठणीत आहे. मी नाही." तिने पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. "डॉक्टर म्हणाले, हात एक हवा आणि घर एक हवं. तर हात तुझा. घर माझं. वडिलांची खोली मोकळी करते मी. तुझी पुस्तकं मावतील तिथे. यंत्र मावणार नाही, ते इथेच राहू दे."

पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे बोलली होती. त्याच्याही ते ध्यानात आलं. तो एप्रनला हात पुसत राहिला, पुसून झाले तरी.

"म्हणजे मी घरजावई?"

"गोळीजावई," धाकटी म्हणाली. "जमत असेल तर सांग. नसेल तर... तसंही सांग. पण ती काच उघड. मला ते ऐकवत नाही."

"तिचं रडणं?"

"तुझं गप्प बसणं."

त्याने खिडकीची कडी काढली. काच उघडली, मांजर आत आली, आणि दोघांकडे ढुंकूनही न बघता ताटलीपाशी जाऊन ओरडू लागली.

"जमेल," बाइंडर म्हणाला. "तुझी हरकत नसेल तर आजपासून."

"आत्याला विचारते," ती म्हणाली, आणि खुदकन हसली, त्याच्या समोर.

"मी हो म्हटलंय!" समोरच्या खिडकीतून आत्याचा आवाज आला.

दोन महिन्यांनी लग्न झालं. गोळी बाइंडर देत असे, रोज सकाळी सात वाजता, आणि दिली की भिंतीवरच्या कागदावर खूण करत असे. आत्या पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गेली, झोपेत. मांजर त्यानंतर तीन वर्षं जगली. अकरा फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी सव्वासातला ती बाइंडरच्या मांडीवर गेली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.