चौथं मडगार्ड

माझ्या पांढऱ्या जर्सीवर चिखलाचे एकूण एकशे त्रेचाळीस ठिपके होते. छातीवर शहाण्णव, उजव्या बाहीवर एकोणीस, डाव्या बाहीवर चोवीस आणि गळ्याच्या पट्टीवर चार. चष्म्यावरचे सात आणि वरच्या ओठावरचा एक मी यात धरला नाही, कारण ते जर्सीवर नव्हते. पाठीवर एकही नव्हता. म्हणजे माझ्या सायकलचा दोष नव्हता. दोष पुढच्या सायकलचा होता.

ती सायकल काळी होती, का कोण जाणे माझ्याच वेगाने चालली होती, आणि तिच्यावरच्या मुलाला मी सोळा किलोमीटर फक्त पाठमोरा पाहिला होता.

आमचा ग्रुप दर रविवारी सकाळी सहाला वाशीहून निघतो. पामबीच रोडने बेलापूर, तिथून खाडीपूल ओलांडून उलवे. तिथे चहा, मग परत. ग्रुपच्या कॅप्टन क्रांतीताई बँकेत ऑफिसर आहेत आणि ग्रुपही बँकेसारखाच चालवतात : दर राइडनंतर प्रत्येकाने ग्रुपच्या वहीत आपली ओळ भरायची. पावसाळ्यासाठी त्यांचा एक नियम आहे : ज्याच्या मागच्या चाकाला मडगार्ड नाही, त्याने रांगेत शेवटी राहायचं, म्हणजे त्याचा चिखल कोणाच्या तोंडावर उडणार नाही. नियम उत्तम आहे. त्यात एकच त्रुटी – शेवटच्याच्याही मागे मी असते. माझ्या सायकलला मडगार्ड आहे, छोटंसं. मी मागे असते ती वेगामुळे. ग्रुप उलव्याला चाळीस मिनिटांत पोचतो, मला पन्नास लागतात.

तर त्या रविवारी टपरीवर पोचल्यावर मी ठिपके मोजले, वहीत तक्ता केला आणि तो कागद त्या मुलापुढे धरला. तो हेल्मेट काढून केसांतलं पाणी झटकत होता. त्याने कागद घेतला, हात आधी पँटला पुसून. नीट वाचला. मी तो हसण्याची वाट बघत होते, कारण माझे तक्ते बघून लोक हसतातच.

"यात चूक किती धरलीस?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"मोजण्यातली. अधिक-उणे किती?"

मी तुर्भ्याच्या एका लॅबमध्ये मोजमापाची उपकरणं तपासते. दिवसभर हाच प्रश्न मी लोकांना विचारते. पण मला तो कोणत्याही मुलाने आजवर विचारला नव्हता... आणि तोही भुवईवरून पाण्याचा थेंब ओघळत असताना.

"चार," मी म्हणाले. "काही ठिपके एकमेकांवर पडले असतील."

"मग खरा आकडा जास्तच." तो गंभीर होता. "सॉरी. एकशे त्रेचाळीस वेळा. वरचे चार उधार."

त्याचं नाव यशराज. घर कळंबोलीला, तिथल्याच स्टील मार्केटमध्ये वडिलांचं पत्र्याचं गोदाम. मूळचे साताऱ्याकडचे. पत्र्याची जाडी तो नुसती बोटांनी चाचपून सांगतो, असं म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही. पुढच्या रविवारी त्याने माझ्या डब्याच्या झाकणाची जाडी सांगितली, मी घरी जाऊन मोजली. फरक फक्त शून्य पूर्णांक शून्य पाच मिलिमीटर. त्या रात्री मला झोप उशिरा लागली, एवढीच नोंद करते.

दुसऱ्या रविवारी त्यानेच सुचवलं की मी मागे राहण्यापेक्षा शेजारून चालवावं. ठिपके अठ्ठावन्नवर आले. तिसऱ्या रविवारी नऊ. शेजारून चालवताना बोलता येतं, हा त्यातला दुय्यम फायदा. तो बोलायचा पत्र्यावर, आईच्या मटणाच्या रश्श्यावर, ट्रकवाल्यांच्या हॉर्नवर. मधेच म्हणायचा, "दम लागलाय? थांबू?" दम त्याला लागलेला नसायचाच. मला लागलेला असायचा, पण चढामुळेच, असं खात्रीने सांगता येत नाही.

आता माझी चूक. एकशे त्रेचाळीस, अठ्ठावन्न, नऊ – हा उतरता आलेख मला इतका सुंदर वाटला की मी तो ग्रुपवर टाकला. क्रांतीताईंनी त्यातला फक्त पहिला आकडा वाचला. दहा मिनिटांत त्यांचा निरोप आला : पुढच्या रविवारपासून मडगार्ड नाही तर राइड नाही. अपवाद नाही. यशराज, नोंद घे.

यशराजने त्याखाली होकाराचा अंगठा टाकला. मग मला वेगळा मेसेज : आकडे तुझे, तर मडगार्डही तूच निवडून दे.

फोन हातात धरून मी हिशोब मांडला. मडगार्ड नाही म्हणून तो शेवटी असतो. मडगार्ड लागलं की तो पुढे जाणार. ताशी बत्तीसने जाणारा मुलगा एकोणीसने जाणाऱ्या मुलीशेजारी कशाला रेंगाळेल? आणि हे सगळं माझ्याच आलेखाने घडवलं होतं.

शनिवारी दुपारी आम्ही नेरुळला हौसेरावांच्या सायकल दुकानात भेटलो. हौसेराव पन्नाशीचे, साताऱ्याकडचेच, मिशा एखाद्या चांगल्या हँडलसारख्या. मी जाडी-रुंदी मोजायचं व्हर्नियर कॅलिपर काढलेलं पाहून त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला.

रोड बाइकला, म्हणजे यशराजच्या शर्यतीच्या सायकलला, मडगार्डसाठी स्क्रूची भोकं नसतात आणि चाक सांगाड्याला अगदी चिकटून असतं. म्हणून क्लिपने किंवा रबरी पट्ट्यांनी बसणारंच घ्यावं लागतं. हौसेरावांकडे असे चार प्रकार होते.

पहिलं, सीटखाली खोचायची प्लॅस्टिकची जीभ. मी म्हणाले, याने फक्त तुझी पँट वाचेल, मागच्याचं काय? हे कारण खरं होतं. दुसरं, सीटच्या दांड्याला आवळायचं लांब शेपूट. मी ते दहा वेळा हलवलं, टोक तीन सेंटिमीटर खाली आलं. हेही कारण खरं होतं. तिसरं रबरी पट्ट्यांचं. टायर अठ्ठावीस मिलिमीटर, मडगार्ड पस्तीस, दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन. मी म्हणाले, अपुरं आहे. हे कारण... अर्धं खरं होतं.

चौथ्यात काहीच खोट नव्हती. लांब, घट्ट, खाली रबराचा पडदा, चाकाला कुठेही घासत नव्हतं. मी रुंदी मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. तिन्ही वेळा तेच आलं. दोघं माझ्याकडे बघत होते.

"रंग," मी म्हणाले.

"काळा आहे," यशराज म्हणाला. "सायकल काळी आहे."

"तेच. फार... काळं होतंय."

हौसेरावांनी हातातला पाना खाली ठेवला. "ताई, आमच्याकडं पोरीला स्थळ बघत्यात, तवाबी येवढ्या खोडी काढत न्हाईत."

माझे कान तापले. कुठेतरी तोंड लपवायला हवं म्हणून मी खाली बसून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दोन नळ्या मोजायला घेतल्या. आणि तिथे मला दोन पट्टे दिसले. डाव्या नळीवर एक, उजवीवर एक. रुंदी बारा मिलिमीटर, दोन्ही एकाच उंचीवर. बाकी नळीवर चिखलाचा पातळ थर, या पट्ट्यांवर मात्र रंग नव्यासारखा चकचकीत. मी तिसऱ्या मडगार्डची रबरी पट्टी उचलून तिथे धरली. तंतोतंत.

"या सायकलला मडगार्ड होतं," मी म्हणाले. "आणि कालपर्यंत होतं."

यशराजने हौसेरावांकडे पाहिलं. हौसेरावांनी छताकडे पाहिलं.

"जूनमधी मीच बसवून दिलंय," ते छताला म्हणाले. "म्हटलं, बघू तरी दोघं किती ताणत्यात."

आणि चहा सांगायचं निमित्त करून ते बाहेर गेले.

यशराज माझ्यासमोर उकिडवा बसला, आमच्यामध्ये मागचं चाक. त्याने ते हळूच फिरवलं. "सोमवार ते शनिवार असतं. गोदामात जाताना लागतं ना. आज इथे यायचं म्हणून काढलं. पहिल्या रविवारी पट्टी तुटली होती, खरंच. दुसऱ्या रविवारी..."

"दुसऱ्या रविवारी?"

"तुटली नव्हती."

"आणि तिसऱ्या?"

"पार्किंगमध्ये काढून ठेवलं. वॉचमनने विचारलंसुद्धा, साहेब, पावसात कशाला काढताय. पण आज तुझं बघून कळलं की मी उगाच काढत होतो. चारही नापास केलीस. तुझ्या हिशोबाने मडगार्डशिवाय उद्या मला येताच आलं नसतं. तुला तेच हवं असेल, तर सरळ सांग ना, प्राची. मोजमापं कशाला?"

तो चेष्टा करत नव्हता. चाकाच्या तारांमधून त्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला दिसत होता. आणि हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मडगार्ड निवडलं तर तो पुढे जाईल, एवढंच मी धरून बसले होते. नाही निवडलं तर तो येणारच नाही, ही दुसरी शक्यता मी तपासलीच नव्हती. एम.एस्सी.ला आमच्या सरांनी यासाठी मला वर्गाबाहेर काढलं असतं.

"चौथं बरोबर आहे," मी म्हणाले. "तिसरंही बरोबर होतं. मी खोटं बोलले. ते लागलं की तू पुढे गेला असतास."

"पुढे? कशाला?"

"नियम आहे ना."

"नियम काय आहे? मडगार्ड नसेल तर शेवटी राहायचं. असेल तर पुढे गेलंच पाहिजे, असं कुठे म्हटलंय?"

विधान खरं म्हणून त्याचं उलटही खरं धरायचं नसतं, हे मी शिकवणीला येणाऱ्या पोरांना शिकवलेलं आहे. फी घेऊन.

"मला शेवटचीच जागा आवडते," तो म्हणाला. चाक फिरायचं थांबलं होतं, तरी त्याने हात काढला नव्हता. "तिथे तू असतेस."

पंखा गरगरत होता. बाहेर हौसेराव कुणाला तरी तीन चहा, एक बिनसाखरेचा, असं गरजेपेक्षा मोठ्याने सांगत होते. मी तारांमधून बोटं आत घातली. त्यानेही घातली. टोकं टेकली.

"मलाही," मी म्हणाले. "तू असतोस म्हणून. चूक शून्य."

"शून्य नसते कधी. पहिल्या दिवशी तूच चार धरली होतीस."

"गप्प बस, यशराज."

चौथं मडगार्ड मी घेतलं, माझ्या सायकलसाठी; त्याच्यासाठी त्याचं जुनं होतंच. माझं छोटं होतं, त्याने फक्त माझी पाठ वाचायची, आणि तो म्हणाला होता की अरुंद रस्त्यावर कधी कधी तो मागे राहील. हौसेरावांनी ते बसवून दिलं आणि रंगाविषयी काही तक्रार आहे का, असं दोनदा विचारलं.

रविवारी बारीक पाऊस होता. क्रांतीताईंनी वाकून दोन्ही मडगार्ड तपासली, बरोबर अशी मान हलवली आणि शिट्टी वाजवली. रांग निघाली. दिवाळे गावाच्या फाट्यापर्यंत पुढच्यांचे लाल दिवे दिसत होते, मग दिसेनासे झाले. खाडीपुलावर आम्ही ओहोटी बघायला थांबलो. मग भरती सुरू होते का, ते बघायला थांबलो.

उलव्याच्या टपरीवर बाकीच्यांचा दुसरा चहा होऊन गेला होता. क्रांतीताई रस्त्यात उभ्या. पंक्चर झालं का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. चेन उतरली का? नाही. मग त्यांनी आमच्या दोघांकडे एकेकदा पाहिलं, मनगटावरचं घड्याळ बंद केलं आणि ग्रुपच्या वहीत आमची ओळ स्वतःच्या हाताने भरली.

अंतर सोळा पूर्णांक एक किलोमीटर. वेळ एक तास एकेचाळीस मिनिटं. सरासरी वेग ताशी नऊ पूर्णांक सहा किलोमीटर.