उरलेली अकरा पानं

लग्नाला तीन महिने झाले होते, आणि सासऱ्यांनी सुनेकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. दुपारची भांडी आवरून ती हात पुसत होती. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"अगं, तुझं कामच ते आहे म्हणून विचारतो. आतला कॉम्प्युटर काल मध्येच थांबला. बघशील जरा? घाई नाही."

घाई नाही म्हणणारं गिऱ्हाईक काउंटरपासून हलत नाही, हे तिला माहीत होतं. बिघडलेल्या डिस्कमधून लोकांचे फोटो, पत्रं, प्रबंध सोडवून आणायचे, यावरच तिचा पगार चाले.

मागची खोली सासूबाईंची. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. सुनेनं त्यांना फक्त भिंतीवर पाहिलेलं. त्या अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायच्या. रोज दुपारी तीनला दार लोटून, तोंडात एक लवंग धरून. सासरे बाहेर खुर्ची टाकून ऐकत बसायचे. त्या गेल्यावर ते खुर्चीसकट आत आले आणि कॉम्प्युटरवर तीच वाचनं ऐकू लागले, एवढाच फरक. शेवटच्या कादंबरीची अकरा पानं वाचायची राहून गेली होती. पुस्तक घरातच होतं, पण सासऱ्यांनी ती पानं उघडली नव्हती.

"तिनं वाचलं की ऐकेन," ते म्हणाले. बायको कोपऱ्यावर भाजी आणायला गेल्यासारखं.

खोलीत पडद्यातून पिवळा, मऊ उजेड येत होता आणि लवंगेचा वास अजून होता. तिनं डिस्क तपासली. मांडणी फार जुन्या पद्धतीची. डिस्क म्हणजे वाचनालय मानलं, तर फाइल सिस्टम म्हणजे कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, ते सांगणारी सूची. नवी सिस्टम सूचीत बदल करण्याआधी काय करणार ते बाजूला टिपून ठेवते, म्हणजे मध्येच वीज गेली तरी घोटाळा होत नाही. जुनीला ही सवय नव्हती. सूची जागोजागी फाटली होती, पुस्तकं मात्र फळ्यांवर असणार.

दुकानातला नियम एकच: आजारी डिस्कला हात लावायचा नाही. आधी हुबेहूब नक्कल, मग जे काय करायचं ते नकलेवर. तिनं तेवढीच मोठी कोरी डिस्क जोडली. नक्कल निम्मी उतरली आणि अडकली. तिनं मशीन बंद करून सुरू केलं. म्हटलं, अर्ध्या नकलेवरच दुरुस्ती चालवून बघू. बिघडली तर बिघडली.

मशीन पुन्हा सुरू होताना कधीकधी दोन डिस्कची नावं आपसांत बदलून घेतं. हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायची. आणि आज तिनंच पाहिलं नाही. दुरुस्ती मूळ डिस्कवर चालून गेली.

सूचीत जे काही शिल्लक होतं, तेही गेलं. उरले नाव नसलेले सहाशे अकरा तुकडे, नुसत्या आकड्यांचे, 'हरवले-सापडले' नावाच्या फोल्डरमध्ये ओतलेले.

"जमेल ना गं?" बाहेरून सासरे.

"चार दिवस द्या, बाबा."

खरं सांगायचा धीर झाला नाही. तिनं नव्या डिस्कवर नवी फाइल सिस्टम घातली, चांगली, टिपून ठेवणारी. मग 'हरवले-सापडले' फोल्डरसकट सगळे तुकडे तिकडे नेले, आणि रोज दुपारी कानाला हेडफोन लावून एकेक ऐकायचा, पुस्तकात तो मजकूर शोधायचा, नाव द्यायचं, असं सुरू केलं.

आवाज संथ, जरासा घोगरा. मध्येच थांबून "हे परत घेते" म्हणणारा. ऐकता ऐकता तिचे डोळे जड होत. पडदा हले, पान उलटल्याचा आवाज येई, आणि तो हेडफोनमधला की खोलीतला, हे कळेनासं होई. तिसऱ्या दुपारी अशाच गुंगीत तिनं एका तुकड्याला नाव देऊन पुढचा लावला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "मघाचं ते चौथ्या प्रकरणात टाकलंस. पाचव्यातलं आहे."

तिनं हेडफोन काढला. दोन्ही प्रकरणं उघडून पाहिली.

पाचव्यातलं होतं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता. "सासू-सुनेचं जमलं म्हणायचं!" तो हसला. "अगं, आई वाचताना स्वतःशीच बडबडायची. झोप घे जरा."

तिनं झोप घेतली नाही. पुढच्या दुपारी सासूबाईंनी आणखी सात चुका दाखवल्या, एकदाही आवाज न चढवता. भिण्याऐवजी तिला शाळेत शेजारच्या बाकावरून कुणी हळूच उत्तर सांगावं तसं वाटलं. सगळे तुकडे जागी बसले. तिनं नवी डिस्क फक्त वाचण्यापुरती खुली ठेवली, लिहिणं बंद केलं, म्हणजे पुन्हा कुणाचा हात चुकायला नको.

मग तिनं मोजलं. सहाशे बारा.

शेवटच्या तुकड्यावर तारीख उद्याची होती, वेळ दुपारी तीन. जुन्या मशीनचं घड्याळ चुकत असेल, असं स्वतःला सांगत तिनं तो लावला.

कादंबरीचा शेवट. तीच उरलेली पानं. सासूबाई वाचत होत्या, पान उलटत होत्या, आणि त्यांच्या आवाजामागे एक बारीक शीळ होती. सासऱ्यांचं कानातलं मशीन. ते काही ऐकायला पुढे झुकले की तसं वाजायचं. ते मशीन घेऊन त्यांना पंधराच दिवस झाले होते...

अकरावं पान संपलं.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "चला आता."

खुर्ची करकरली. शीळ थांबली. पुढे नुसती शांतता, खूप लांब.

तिनं कॉम्प्युटर बंद केला, तारा उपटल्या, दोन्ही डिस्क टॉवेलात गुंडाळून आपल्या कपाटात, साड्यांखाली ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी तीनला पाच कमी असताना सासरे आले. स्वच्छ सदरा घातला होता, भांग पाडला होता.

"शेवटचं सापडलं का गं?"

"नाही, बाबा. ते... मुळातच नव्हतं ना."

ते हसले. रागावलेले मुळीच नव्हते. "तू देणार नाहीस, असं म्हणालीच होती ती." आणि खोलीत जाऊन त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.

ती दाराशी उभी राहिली. आत कॉम्प्युटर नुसतं खोकं होतं, पोटात डिस्क नसलेलं. लवंगेचा वास आला. मग अगदी हळू आवाजात वाचन सुरू झालं, आणि त्यामागे ती बारीक शीळ. एक पान उलटलं. दुसरं. तिला हलता येईना. ऐकावंसं वाटत होतं, हेच सगळ्यात वाईट. कहाणी सुंदर होती आणि शेवटाकडे चालली होती. आठ. नऊ. दारावर ठेवलेला हात आपला नसल्यासारखा पडून होता.

दहा.

"बाबा! चहा!" ती इतक्या जोरात ओरडली, की तिचं तिलाच दचकायला झालं. या घरात तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता.

आत सगळं थांबलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. सासरे डोळे चोळत उभे होते, कुठूनतरी लांबून आल्यासारखे.

"काय गं तू पण," ते कुरकुरले. "एकच पान राहिलं होतं."

त्यांनी दोन कप चहा घेतला. तिनं त्यांना तिसराही दिला, आणि नवरा येईपर्यंत त्यांच्यासमोरून हलली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं नवी डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. जिच्यावर आता कुणालाच काही लिहिता येणार नव्हतं, त्या डिस्कवर 'हरवले-सापडले' उघडलं. आत एक नवा तुकडा होता, फक्त सहा सेकंदांचा.

आवाज नेहमीसारखाच होता, संथ, समजूतदार, जरासा घोगरा.

"सूनबाई, उद्या चहा थोडा उशिरा टाक हं."