सान्यूच्या ताटलीत काय होतं

सेम्वांगा साहेब न विचारता खुर्चीत बसले आणि टेबलावर बोट फिरवून धूळ बघितली. आयुष्यभर त्यांनी शाळा तपासल्या होत्या. निवृत्तीनंतर ते एन्टेबेच्या बंगल्यात परदेशी जातीच्या कुत्र्यांची पैदास करायचे. तपासायची खोड मात्र गेली नव्हती.

"माझ्या सान्यूवर, माझ्या पैदाशीच्या कुत्र्यावर, तीनदा विषप्रयोग झालाय," ते म्हणाले. "गुन्हेगार सापडलीय. माझी स्वयंपाकीण, नलवोगा. दोन दिवस कोठडीत आहे. तुम्ही फक्त अहवाल लिहून द्यायचा."

"सगळं ठरलेलंच आहे, तर माझी सही कशाला?" कोबुसिंग्ये बाईंनी विचारलं.

"श्वानसंघाला दाखवायला. खासगी तपासात तुमचं नाव आहे."

बाईंचा साहाय्यक लुबोवा पंधरा वर्षं पोलिसात शिपाई होता. इस्त्रीचा कोट दिसला की त्याची मान आपोआप डोलायची. आत्ताही ती डोलत होती.

साहेबांनी हकिगत सांगितली. पहिला प्रकार ईस्टरला. दुसरा मुलीच्या सोयरिकीच्या दिवशी. तिसरा गेल्या रविवारी, श्वानसंघाचे अध्यक्ष जेवायला आले असताना. तिन्ही वेळा जेवणानंतर दोनेक तासांत सान्यू झिंगल्यासारखा गोल गोल फिरू लागला, लाळ गळू लागली, आणि मग तो भिंतीला डोकं टेकवून उभा राहिला. डोळे उघडे, पण दिसत काही नव्हतं.

"औषध काय दिलंत?"

"काही नाही. दुसऱ्या दिवशी आपोआप बरा झाला. जातच दणकट." त्यांनी पिशवीतून अर्धी भरलेली बाटली काढली. "ही तिच्या खाटेखाली मिळाली. वरचा कागद धुऊन काढलाय. काय लपवायचं ते या लोकांना बरोबर कळतं."

बाईंनी थेंबभर बोटावर घेऊन चाखलं. लुबोवा दचकला. पातळ पाकासारखं काहीतरी होतं, गोडमिट्ट.

मग तिघंही बंगल्यावर गेले. दोन वर्षांचा सान्यू अंगानं पाच महिन्यांच्या पिलाएवढा होता. साहेबांकडे त्याचंही उत्तर तयार होतं: नलवोगा त्याला भात आणि भोपळ्यावर उपाशी मारते.

कोठडीत नलवोगा भिंतीला टेकून बसली होती. साहेबांकडे तिची अठरा वर्षं गेली होती. मांस द्यायचं नाही, हे साहेबांनीच सांगितलं होतं, असं ती म्हणाली. गेल्या वर्षी सान्यूचा दात काढला, तेव्हा सुईची गुंगी दोन दिवस उतरली नव्हती. दवाखान्यातून परत आणल्यावर साहेबांनीच हे औषध दिलं होतं; सकाळ-संध्याकाळ चमचाभर पाजायचं, संपलं की नवी बाटली तेच आणायचे. सणावारी ती चुलीपाशी अडकलेली असायची, तेव्हा सान्यूची ताटली साहेब स्वतः न्यायचे.

"बाटलीवर काय लिहिलं होतं?" बाईंनी विचारलं.

"मला वाचता आलं असतं, तर मी त्यांच्याकडे अठरा वर्षं राहिले असते का?"

बाहेर आल्यावर लुबोवा म्हणाला, "बनाव आहे, बाई. एवढा मोठा माणूस स्वतःच्याच कुत्र्याला कशाला त्रास देईल?"

"हे तू बोलतोयस की त्याचा कोट?"

साहेबांना संशय होता की शेजारच्या अपोलोतबाईंनी नलवोगाला फूस दिली. अपोलोतबाई निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी सान्यूचंच एक पिल्लू विकत घेतलं होतं. ते वाढत नव्हतं, आणि मटण खाल्लं की दारावर जाऊन आपटायचं. तशी तक्रार त्यांनी ईस्टरच्या आधी श्वानसंघाकडे पाठवली होती.

"नलवोगा तुमच्याकडे यायची?" बाईंनी त्यांच्या घरी जाऊन विचारलं.

"तिला चर्चला जायला सुटी मिळत नाही, माझ्याकडे कधी येणार? पण ईस्टरला कुंपणावरून एक गंमत दिसली. साहेब सान्यूला तळलेली कलेजी भरवत होते. वर्षभरात त्यांना त्या कुत्र्याला हात लावताना मी पाहिलं नव्हतं."

तिथून बाई गावातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. मग त्यांनी इन्स्पेक्टर ओक्विरना निरोप धाडला: चार वाजता नलवोगाला घेऊन बंगल्यावर या.

चारला अपोलोतबाईंसह सगळे व्हरांड्यात जमले. साहेबांनी चहा फक्त इन्स्पेक्टरला विचारला.

"अहवाल छोटा आहे," बाई म्हणाल्या. "विष नव्हतंच."

साहेब हसले.

"विष तीनदा ठरल्या वेळी चढून, औषधाशिवाय तीनदा सकाळपर्यंत उतरत नाही. मग त्या तीन दिवसांत सारखं काय होतं? मेजवानी, पाहुणे, मांस. काही कुत्र्यांच्या यकृतात जन्मतःच दोष असतो. आतड्यातलं रक्त यकृतात न जाता आडवाटेनं पुढे निघून जातं. मग मांस पचताना जे विषारी द्रव्य तयार होतं, ते गाळलं न जाता थेट मेंदूत पोचतं. असा कुत्रा वाढत नाही. त्याची गुंगी उतरत नाही. नलवोगा ज्या घरात कधी गेलीच नाही, तिथल्या पिलालाही हेच होतं, कारण ते त्याचंच पिल्लू आहे."

"दोष आहे हे सिद्ध कुठे झालंय?" साहेब म्हणाले. "डॉक्टर नुसतं 'असावा' म्हणाला होता."

लुबोवाची मान पहिल्यांदाच थांबली होती.

"म्हणजे म्हणाला होता," बाई म्हणाल्या. "त्याच्या वहीतही आहे. यकृतात दोष असावा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर रक्त तपासावं, तोवर मांस बंद, हे औषध चालू, पैदास नको. रक्त तुम्ही तपासू दिलं नाहीत. तपासणी झाली असती तर 'असावा'चं 'आहे' झालं असतं, आणि पिल्लं विकता आली नसती. मग अपोलोतबाईंनी तक्रार केली. दोष रक्तात नाही, विषात आहे असं दाखवून पिल्लांचं खापर फोडायला तुम्हाला विष घालणारी एक बाई हवी होती. म्हणून पाहुण्यांसमोर कुत्र्याला तीनदा झिंगवलंत."

"आणि ती बाटली?" ओक्विरनी विचारलं.

"आतड्यातलं तेच विष बाहेर काढायचं औषध. कागद धुतला तो वाचता येणाऱ्यानं. जिला अक्षर कळत नाही, ती अक्षरं कशाला लपवेल?"

साहेब ताठ बसून म्हणाले, "एका मोलकरणीसाठी एवढा तमाशा?"

"तमाशा तुमचा. मी फक्त तिकीट न काढता पाहिला," बाई म्हणाल्या आणि अहवालाचा कागद अपोलोतबाईंच्या हातात दिला. "हा श्वानसंघाकडे तुम्हीच पोचवा. यांच्या हातून वाटेत धुतला जाईल."

ओक्विरनी नलवोगाला मोकळं केलं आणि खोट्या फिर्यादीबद्दल जबाब द्यायला साहेबांना चौकीवर यायला सांगितलं. कोट चढवता चढवता साहेब नलवोगाला म्हणाले, "झालं गेलं सोड. सोमवारपासून ये कामाला. आणि हा कुत्रा कोणाला तरी देऊन टाक. आता याचा काय उपयोग?"

नलवोगा आत जाऊन आपली कपड्यांची पिशवी घेऊन आली. ती तिनं साहेबांच्या पायाशी उघडी ठेवली आणि सान्यूला काखेत उचललं.

"सोमवारी जमणार नाही, साहेब. याचं रक्त तपासायला न्यायचंय," ती म्हणाली. "तुमच्या घरातून एवढंच नेतेय. बाकी पिशवी तपासून घ्या."