कोल्हा कुणी पाहिला?

"तुम्ही माझ्या जागेवर उभ्या आहात, बाई."

थर्झा दचकली. वळून पाहते तो लाल कोट, चिखलाने माखलेली घोडी आणि टोपीवरून पाणी ठिबकणारा एक उंचपुरा तरुण. सर लायोनेलच्या शिकारी कुत्र्यांना आवरणारा नवा चाबूकवाला! अँब्रोज लकेट हे त्याचं नाव तेवढं तिच्या कानावर आलं होतं.

"तुमची जागा? हे सलगमाचं शेत माझे बाबा कसतात."

"शेत बाबांचं, कोपरा माझा. झाडीतून कोल्हा निघाला की इथून मला दिसायला हवा. दिसला की आरोळी ठोकायची. पगार त्याचाच आहे."

"मग तिकडे बघा."

"बघतोच आहे..." तो म्हणाला, आणि बघत होता तिच्याकडे.

एरवी थर्झा लाजली असती. आज तिचा जीव टांगणीला लागला होता. या हंगामात शिकारीची मंडळी दोनदा त्यांच्या झाडीत येऊन गेली आणि दोन्ही वेळा कोल्हा निघाला नाही. झाडी रिकामी निघाली की लोक एकच अर्थ काढत – शेतकऱ्याने कोंबड्यांपायी कोल्ह्याला सापळा लावला. घोडी पिटाळून कोल्हा मारणं हा सभ्य माणसांचा खेळ. सापळ्यात मारणारा मात्र खुन्याहून वाईट! चर्चमध्ये थर्झाच्या घरच्यांच्या, पोकॉकांच्या, शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. आणि जमीन तर सर लायोनेलची. त्यांनी बाबांना बजावलं होतं, "तिसऱ्यांदा रिकामी निघाली, तर मार्चपासून दुसरी जमीन बघ, पोकॉक." बाबांनी कोल्ह्याला कधी खडासुद्धा मारला नव्हता. पण ऐकतो कोण?

"एवढं भिजत उभ्या का? शिकारीचं इतकं वेड?"

"वेड कसलं... आज कोल्हा निघाला नाही, तर आमचं बिऱ्हाड उठेल."

त्याचं हसू मावळलं. "ऐकलंय मी. मला पटलं नाही ते."

"का? ओळखता कुठे आम्हाला?"

"गेल्या मंगळवारी आमचं कुत्रं काटेरी कुंपणात अडकलं. तुमच्या बाबांनी स्वतःचा कोट फाडून घेतला, पण त्याला सोडवलं. असा माणूस सापळे लावत नाही. आणि पंजाला तुम्ही रुमाल बांधलात. निळा."

"रंगसुद्धा लक्षात आहे?"

"परत द्यायचा राहिलाय ना... पण द्यावासा वाटत नाही."

थर्झाला हसू आलं. ते लपवायला तिने मान वळवली – आणि पाहतच राहिली. त्याच्या घोडीच्या शेपटीमागून कोल्हा निघाला होता! एक पाय उचलून तो थबकला, दोघांकडे जरा तुच्छतेनेच पाहिलं आणि सरीसरीने निघून गेला. अँब्रोजची त्याच्याकडे पाठ.

भल्या घरच्या मुलीने शिकारीत ओरडायचं नसतं. थर्झाने ती रीत सलगमात भिरकावली आणि अशी किंचाळली, की झाडीवरचे कावळे उडाले.

शिंग वाजलं. चाळीस घोडी शेताच्या बांधाशी येऊन थडकली. सगळ्यांत पुढे सर लायोनेल. "कोण ओरडलं?"

"मी, साहेब. कोल्हा त्या चराकडे गेला."

"बापाला वाचवायला पोरगी ओरडणारच! लकेट, तू पाहिलास?"

थर्झाने डोळे मिटले. एक खोटं 'हो'... एवढंच बोल रे बाबा!

"नाही, साहेब."

थर्झाने डोळे उघडले.

"मी झाडीकडे पाहतच नव्हतो. हिच्याकडे पाहत होतो," अँब्रोज म्हणाला. कानाच्या पाळ्या कोटासारख्या लाल झाल्या होत्या. "पण ती पाहिला म्हणते, तर पाहिलाच. खोटं निघालं तर आजच मला काढून टाका."

घोड्यावरच्या एक बाई फिस्सकन हसल्या. कुत्रे शेतात सोडले. एका म्हाताऱ्या कुत्रीने सरीत नाक घातलं, कुईं केलं... आणि मग भुंकून रान डोक्यावर घेतलं. सगळा कळप तिच्यामागे चराकडे सुटला. थर्झाचा जीव भांड्यात पडला. ती मटकन चिखलात बसली नि हसता हसता रडायला लागली.

दिवस कलताना अँब्रोज पोकॉकांच्या फाटकाशी आला, भुवयांपर्यंत चिखल. बाबा दारातच उभे होते.

"निसटला!" तो म्हणाला. "सात मैल पळवलं आम्हाला आणि शेवटी खडकाच्या फटीत शिरला. साहेब इतके खूश, की सात वर्षांचा नवा करार उद्याच धाडतायत."

बाबा टोपी काढून घाईघाईने गोठ्यात गेले. गाईंसमोर रडायला लाज वाटत नाही.

"आणि तुमची नोकरी?" थर्झाने हळूच विचारलं.

"राहिली. पण अट घातलीय – 'लग्न कर एकदाचं, लकेट! घरी पोटभर बघून घे, म्हणजे शिकारीत लक्ष राहील.'"

"मग... तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, विचारून बघतो."

"सगळं ऐकू येतंय मला!" गोठ्यातून बाबांचा भरलेला आवाज आला. "हो म्हण, पोरी, नि त्याला आत घे! गारठून जाईल तो!"

"आधी त्याला विचारू तर द्या, बाबा!"

आणि अँब्रोजने विचारलं.