नकाशे पाचच्या आत

जिन्याच्या वळणावर ती त्याच्यावर आदळली, तेव्हा तिच्या हातात जुन्या कॉम्प्युटरची डिस्क होती. त्याने आधी डिस्क झेलली, मग तिच्याकडे पाहिलं.

"डिस्क सावरलीत, मला नाही," ती म्हणाली.

"तुम्ही कठडा धरला होता... हिने नव्हता धरला."

वरच्या मजल्यावरचे कॉम्प्युटर दुरुस्त करून तो निघाला होता. एवढं कळल्यावर ती त्याला थोडीच सोडणार होती.

मामाच्या ऑफिसात ती आर्किटेक्ट होती आणि वाचनालयाचं हे काम तिचं स्वतःचं, पहिलंच. पाचच्या आत नकाशे पाठवले नाहीत, तर ते दुसऱ्याच्या पदरात पडणार होतं. जुना कॉम्प्युटर सकाळी बंद पडला. डिस्क नव्याला जोडून पाहिली, तर प्रत्येक फाइलला एकच उत्तर — परवानगी नाही. आता चार वाजले होते.

"माझेच नकाशे, आणि मलाच नाही म्हणतो," ती धुसफुसली.

"नाव तेच असलं तरी मशीन माणसाला नंबराने ओळखतं," तो खुर्ची ओढत म्हणाला. "जुन्यावर तुम्ही ५०१ होतात, इथे १०००. फायली अजून ५०१च्याच मालकीच्या आहेत. त्या तुमच्या करायच्या, झालं."

केसांत पेन्सिल खोचून ती शेजारी वाकून उभी राहिली. त्याने टाइप केलं, तिच्याकडे पाहिलं, एंटर दाबलं... आणि त्याचा चेहराच उतरला. हुकूम डिस्कवर नव्हे, नव्या मशीनच्या स्वतःच्या फायलींवर चालला होता. मशीन आता कुणाचंच ऐकेना.

"डिस्कला धक्का नाही लागलेला. पण चूक माझी. लक्ष... नव्हतं."

"झालं का गं?" मामा दारातून डोकावला.

"होतंय, मामा."

तिला रडू येत होतं, पण रडायला वेळ कुठे होता? तिने डिस्क काढली.

"तुमचा लॅपटॉप उघडा. आता मी करणार. तुम्ही हात मागे घेऊन नुसतं सांगा."

त्याने मुकाट्याने हात मागे घेतले. "आधी इथला नंबर बघा. मग आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते."

तिने दोन्ही पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग एंटर. वाचनालयाच्या खिडक्या एकेक करत पडद्यावर उमटल्या, आणि पाचला सात मिनिटं असताना नकाशे रवाना झाले.

तो बॅग आवरू लागला.

"लक्ष कुठे होतं?" तिने विचारलं.

"खरं सांगू?"

"एवढं बिघडवलंत, आता खोटं कशाला?"

"तुमच्याकडे."

नकाशे जाताना झाली नव्हती एवढी तिच्या छातीत धडधड झाली. तो तिला जिन्यातच आवडला होता, आणि ते लपवायची आता तिची मुळीच तयारी नव्हती.

"उद्या अकराला या, नवं मशीन नीट करायला," ती म्हणाली. "आणि काम संपलं तरी लगेच निघू नका. शेजारी उभी होते ना मी... पण पडद्याकडे मीही बघत नव्हते."