परकं होण्याचा सराव

तिसरं वर्ष लागलं तरी ढब्बूचे दुधाचे दात पडले नव्हते, आणि त्या दातांनी शालन घोरपडे यांच्या घरातली एकही चप्पल जोडीनं राहू दिली नव्हती. सांगलीच्या विश्रामबागेत सकाळी फिरायला निघालेले लोक फाटकापाशी थांबून विचारत, "बाई, नवीन पिल्लू आणलंय काय?"

"नवीन कसलं! तुमच्या नातीच्या बारशाला होता की हा," शालनबाई म्हणत. ती नात आता बालवाडीत जाऊन कविता म्हणत होती. ढब्बू मात्र अजून दारापर्यंत जायचा कंटाळा करून जाजमावरच कार्यभाग उरकत होता.

ढब्बू संथजीवी कुत्रा होता. प्रत्येक प्राण्याच्या शरीरात वाढीचं आणि झिजेचं एक घड्याळ असतं. उंदराचं झपाझप चालतं, कुत्र्याचं जरा बेतानं, हत्तीचं रेंगाळत. मिरजेच्या माळावरच्या एका संशोधन संस्थेत डॉ. वैजयंती मगदूम यांनी कुत्र्याच्या गर्भातच या घड्याळाची गती पाचपट कमी करून दाखवली. बारा-तेरा वर्षांत आटोपणारं कुत्र्याचं आयुष्य एकदम साठीच्या पुढे गेलं. शास्त्रज्ञ अशा कुत्र्यांना संथजीवी म्हणत. लोकांनी त्यांचं नाव 'चिरंजीव' ठेवलं आणि पिल्लांसाठी रांगा लावल्या.

आयुष्य वाढलं म्हणजे मधले चांगले दिवस तेवढे वाढतील, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पण घड्याळ एकच होतं आणि ते पहिल्या दिवसापासूनच हळू चालत होतं. साधं पिल्लू सहा महिन्यांत बाहेर जायला शिकतं, हे अडीच वर्षं घेई. साध्या कुत्र्याचा अडनिडा, हट्टी काळ वर्षभरात सरतो, याचा पाच वर्षं चाले. मंद आचेवर दूध ठेवलं की ते लवकर उतू जात नाही हे खरं, पण चुलीपाशी कुणाला तरी तेवढा वेळ उभं राहावं लागतं. उभं राहायची तयारी फार थोड्यांची होती. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लोकांचा धीर सुटला. कुणाची बदली झाली, कुणाला बाळ झालं, कुणाच्या सोफ्याची लक्तरं झाली. गावोगावी सांभाळगृहं उघडली आणि ती भरलीसुद्धा.

शालनबाईंचा धीर सुटला नाही. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर कबड्डी शिकवली होती. पहिल्या चढाईला रडत मागे पळणाऱ्या पोरीला राज्य पातळीवर न्यायला किती वर्षं लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. एकट्या राहणाऱ्या बाईला दुसरं काम तरी काय, असं लोक म्हणत. पण काम कमी असणं आणि चिकाटी असणं यांत फरक आहे. त्या रोज पहाटे ढब्बूला अंगणात नेत, तो काही करेपर्यंत उभ्या राहत आणि त्यानं केलं की अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं "शाब्बास!" म्हणत. शेजारी वैतागले, मग त्यांना सवय झाली.

ढब्बू त्यांच्याकडे आला तो भेट म्हणून. त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांचा जुना कुत्रा त्यांच्या मांडीवर गेला होता. आता पुन्हा कुत्रं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. तेव्हा डॉ. वैजयंती मगदूम स्वतः टोपलीतून पिल्लू घेऊन दारात उभी राहिली. ती त्यांचीच विद्यार्थिनी, संघातली डावी कोपरारक्षक.

"बाई, हा तुम्हाला सोडून जाणार नाही," ती म्हणाली होती.

दोघींनाही तेव्हा भरून आलं होतं. कोण कुणाला सोडून जाणार याची दुसरी बाजूही असते, हे ना शिकवणारीच्या लक्षात आलं, ना शिकलेलीच्या.

आठव्या वर्षी ढब्बू शहाणा झाला. हाक मारली की अर्ध्या धावेतून वळून यायचा, घरी पाहुणे आले की कोपऱ्यात बसून राहायचा, बाईंचा गुडघा दुखत असला की पायऱ्यांवर त्यांच्याबरोबर एकेक पायरी उतरायचा. आता कुठे सुखाचे दिवस आले, असं शालनबाई म्हणू लागल्या, आणि त्याच वर्षी त्यांच्या रक्तात दोष निघाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. नवं औषध सुरू करू म्हणाले, पण दीड-दोन वर्षं धरून चाला.

वैजयंती, बाईंची वैजू, धावत आली. शालनबाई ओट्यावर बसून ढब्बूचे कान साफ करत होत्या.

"मला देता येत नाही होय गं ते तुझं चिरंजीव करायचं औषध?" त्यांनी थट्टेनं विचारलं.

"ते जन्माच्या आधीच द्यावं लागतं, बाई."

"मग राहू दे. माझ्या आईलाच आता कुठं शोधू?" त्या हसल्या. वैजूला हसू आलं नाही. मग त्यांनीही हसू आवरलं आणि मनातलं विचारलं. "मी गेल्यावर याचं काय?"

"दुसरं घर बघू ना."

"घराचं नाही विचारत. याचं काय होईल ते विचारते."

 दुसऱ्या दिवशी वैजू बाईंना गाडीत घालून तासगाव रस्त्यावरच्या सांभाळगृहात घेऊन गेली. तिथे लोखंडी फाटकाशी एक धिप्पाड करडा कुत्रा बसला होता. रस्त्यावरून पांढरी मोटार गेली की तो उठून उभा राही, मोटार पुढे गेली की पुन्हा बसे. त्याचा मालक वकील होता, पांढऱ्या मोटारीतून फिरायचा. त्याला वारून सात वर्षं झाली होती.

"साधा कुत्रा किती दिवस वाट बघतो?" शालनबाईंनी विचारलं.

"काही महिने. क्वचित वर्ष-दीड वर्ष. मग त्याला नवीन माणसाचा लळा लागतो." वैजू फाटकाकडे बघत बोलत होती. "विसरणं हेसुद्धा शरीराचंच काम आहे, बाई. जखम भरते तसंच. यांचं सगळंच हळू चालतं. आम्ही आयुष्य ताणलं, त्याबरोबर हेही ताणलं जाईल असं आम्ही धरलंच नव्हतं."

"जेवतो का तो?"

"जगण्यापुरता."

 परतीच्या वाटेवर एका चहाच्या टपरीपाशी शालनबाईंनी गाडी थांबवायला लावली. चहा सांगितला आणि निवून गेला तरी घेतला नाही.

"काहीतरी उपाय असेलच की. तू शास्त्रज्ञ आहेस."

"एक आहे. पण तो तुम्हाला सांगवत नाही मला."

"सांग."

"कुत्रं गेलेल्या माणसाची वाट बघतं. समोर आहे, पण आपलं नाही, अशा माणसाची बघत नाही. तुम्ही असतानाच त्याला तुमची सवय मोडायला हवी. खाणं दुसऱ्यानं द्यायचं, फिरायला दुसऱ्यानं न्यायचं. तुम्ही त्याच घरात वावरायचं, पण त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. त्याचा तुमच्यातला जीव हळूहळू निघेल. साध्या कुत्र्याला दोन-तीन महिने पुरतात."

"म्हणजे याला वर्षाच्या वर," शालनबाईंनी हिशेब केला. "माझ्याकडेही तेवढेच दिवस आहेत."

"म्हणूनच म्हणते, नको. तुम्हाला त्याची आता जास्त गरज आहे. राहा त्याच्याबरोबर. पुढचं मी बघेन."

"काय बघशील? फाटकाशी बसलेला बघशील." त्यांचा आवाज मैदानावरचा झाला. "तू स्वतः पाळलंयस का गं कधी कुत्रं?"

वैजू ओशाळली. "नाही, बाई. वेळ कुठे मिळतो?"

"इतकी कुत्री जन्माला घातलीस आणि एक नाही पाळलंस! मग आता पाळ. ढब्बू तुझा. कामाला लाग."

वैजू वरच्या खोलीत राहायला आली. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिनं ढब्बूच्या ताटलीत भात कालवला. ढब्बूनं ताटलीकडे पाहिलं आणि तो तोंड वर करून बाईंकडे बघत राहिला. त्या वर्तमानपत्र वाचत होत्या. पानावरचं एक अक्षर त्यांना दिसत नव्हतं. तो जवळ आला, त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली, आणि त्या उठून मोरीकडे गेल्या. नळ सोडून रडल्या. त्याला पाण्याचा आवाज ऐकू यावा, दुसरा नको, एवढीच काळजी घेतली.

माणसाला निदान समजावून सांगता येतं. मुलाला वसतिगृहात ठेवताना आई सांगते, बाळा, तुझ्या भल्यासाठीच. ढब्बूला हे कोण सांगणार? तो आपलं काय चुकलं ते शोधत राहिला. शिकवलेल्या सगळ्या गोष्टी त्यानं एकामागून एक करून दाखवल्या. बसला, आडवा झाला, पंजा दिला, चप्पल अलगद तोंडात धरून आणून पायाशी ठेवली. ज्या गोष्टींसाठी बाईंनी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला होता, त्या तो न सांगता करत होता आणि शाब्बास म्हणायची सोय नव्हती.

चौथ्या महिन्यात तो लंगडत आला. पंजात बाभळीचा काटा होता. वैजू संस्थेत गेलेली. त्यानं पंजा बाईंपुढे उचलून धरला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, देवाकडे पाहिलं, आणि शेवटी चिमटा घेऊन खाली बसल्या. काटा निघाला. त्यांचा हात त्याच्या मानेवर जरा वेळ राहिला, तेवढंच. पण ढब्बू त्या दिवसापासून पुन्हा त्यांच्या दाराबाहेर झोपू लागला आणि ते सुटायला पावसाळा उलटून गेला.

"असं का व्हावं गं?" त्यांनी विचारलं. "एकदाच तर केलं."

"एकदा केलं म्हणूनच," वैजू म्हणाली. "कधीच मिळत नाही म्हटल्यावर कुत्रं मागणं सोडतं. कधीतरी मिळतं म्हटल्यावर जन्मभर मागत राहतं."

त्यानंतर शालनबाई चुकल्या नाहीत. औषधानं केस गेले, जेवण जाईना, दुपारभर पलंगावर पडून असत, पण ढब्बू खोलीत आला की भिंतीकडे कूस वळवत. पाठ करून पडलेल्या माणसाला कुत्र्याच्या नखांचा फरशीवरचा आवाज फार स्पष्ट ऐकू येतो. आधी तो पलंगापर्यंत येई. मग दारापर्यंत. मग आवाज येईनासा झाला. पुढे वैजू त्याला घेऊन मिरजेला आपल्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. तो तिथे पोटभर जेवतो, वैजूच्या पायांवर डोकं ठेवून झोपतो, हे तिनं फोनवर सांगितलं. शालनबाई म्हणाल्या, "छान झालं." 

आणि मग एक गोष्ट घडली, जी कुणीच गृहीत धरली नव्हती. औषध लागू पडलं. दोन वर्षं उलटली, रक्त स्वच्छ निघालं. डॉक्टर हसत म्हणाले, "बाई, आता पंधरा वर्षं माझ्याकडे फिरकू नका."

शालनबाईंना आनंद झाला, खोटं का बोला? घरी येऊन त्यांनी शिरा केला आणि एकटीनं खाल्ला. वैजूला त्यांनी कळवलं नाही. पण सांगलीत बातमी लपते थोडीच! रविवारी सकाळी फाटक वाजलं आणि पाठोपाठ वैजूचा आवाज आला.

"बाई! बाई, मला का नाही सांगितलं? बघा कुणाला आणलंय! हाक मारा त्याला!"

शालनबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वैजू, त्याला घेऊन जा."

"अहो, पण तुम्ही बऱ्या झालात! तुमचा आहे तो. थोडे दिवस लागतील, पण तो पुन्हा तुमचा होईल. मी लिहून देते."

"होईल ना. मग पुढं? मी आता पंधरा वर्षं जगेन, फार तर वीस. तो अजून पन्नास."

वैजूनं हातातला पट्टा सोडला.

"मी गेल्यावर पुन्हा हेच करायचं का? एकदा शिकला बिचारा. त्याच्याकडून तोच धडा दोनदा गिरवून घेऊ?"

"पण तुम्ही इथे एकट्या, आणि तो मिरजेत, नऊ-दहा किलोमीटरवर... बाई, हे कसं जमायचं?"

"जमतंय की."

इतक्यात ढब्बू ओट्याची पायरी चढून वर आला. थोराड झाला होता, तब्येत राखलेली होती. त्यानं तांदळाचं सूप हुंगलं, मग बाईंचं पाऊल. पावलाशी त्याचं नाक बराच वेळ राहिलं, ओलं आणि गार. शालनबाईंची बोटं तांदळात होती ती तशीच राहिली. त्यांनी खडा वेचल्यासारखं केलं. शेपटी हलतेय की नाही ते बघायला डोळे वळवावे लागले असते आणि ते त्यांनी वळवले नाहीत. मग ढब्बू खाली उतरला आणि जाऊन वैजूच्या पायाशी बसला. त्यानं आपल्याला ओळखलं नाही, की ओळखूनही शिकवल्याप्रमाणे वागला, हे त्यांना कळलं नाही आणि पुढेही कधी कळणार नव्हतं.

वैजूला हुंदका आवरेना. तिला आपलं वय आठवलं, ढब्बूचं वय आठवलं, आणि एक दिवस आपल्यालाही भिंतीकडे तोंड करून पडावं लागणार, हे त्या क्षणी तिला पहिल्यांदा उमगलं.

"रडू नकोस, तो घाबरेल," शालनबाई तांदळाकडे बघत म्हणाल्या. "उन्हं तापायच्या आत घेऊन जा. आणि पुन्हा आणू नकोस त्याला. मी बरी झाले, हे त्याला कळता कामा नये."

फाटक लागलं. मोटार सुरू झाली आणि वळणापर्यंत ऐकू आली. शालनबाईंनी सूप पुढे ओढलं आणि निवडून झालेले तांदूळ पहिल्यापासून निवडायला घेतले.